ख्वाजा यूसुफ आणि रेवदंड्याची नोंदवही

१)
मित्रहो, आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. त्यात इतिहास आहे, थोडा प्रवासखर्च आहे आणि शेवटी एक कबुलीही आहे. तेव्हा सवडीने वाचावा.

आम्ही चौघे महाविद्यालयापासूनचे मित्र. एखाद्या मुस्लिम देशातील प्राचीन स्थळे कमीत कमी पैशांत पाहून यायची, हा आमचा जुना बेत. इराण ठरला होता. पर्सेपोलिस, शिराज, यझ्द आणि शेवटी होर्मुझचे बेट. दर दिवाळीत खर्चाची वही उघडायची, विमानाचे भाडे लिहायचे, चौघांची शिल्लक त्याखाली मांडायची आणि वही मिटायची. यंदाही तेच झाले. तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "होर्मुझला जाता येत नसेल, तर होर्मुझहून निघालेला माणूस जिथे उतरला, तिथे जाऊ."

ते ठिकाण मुंबईपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे.

२)
त्या माणसाचे नाव अफनासी निकितिन. रशियातील त्वेर या शहराचा व्यापारी. रूढ कालगणनेनुसार १४६९ च्या सुमारास तो चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. गामाच्या पाठीशी राजा होता, तोफा होत्या, जहाजांचा काफिला होता. निकितिनच्या पाठीशी कोणी नव्हते. त्याच्यासोबत होता एक घोडा, आणि डोक्यावर होते कर्ज.

"कमी खर्चातला प्रवास" हा शब्दप्रयोग आपण आवडीने वापरतो. आपल्या किनाऱ्यावर आलेल्या परदेशी प्रवाशांत तो याला जितका लागू पडतो, तितका क्वचितच कोणाला पडेल. शिवाय तो आला तो प्रदेशही मुस्लिम सुलतानाच्या अमलाखालचा होता. आमचा फसलेला बेत साडेपाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी उलट दिशेने पार पाडला होता.

३)
माणशी दोन हजार रुपये आणि दोन दिवस, असा आमचा हिशेब. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची एसटी. वाटेत नागाव आणि मग चौल लागते. सुपारीच्या बागा रस्त्याला इतक्या चिकटून असतात की गाव कुठे संपले आणि वाडी कुठे सुरू झाली, ते कळत नाही. पुढे अचानक काळ्या दगडाचा तट समोर येतो, रस्ता त्या तटातून आत शिरतो आणि आपण रेवदंड्यात असतो. येथे किल्ला गावाच्या बाहेर नाही. गावच किल्ल्याच्या पोटात वसले आहे. तटाच्या आत घरे आहेत, नारळ आहेत, विहिरी आहेत आणि पोर्तुगीजकालीन चर्चच्या मनोऱ्याचा अवशेषही आहे. त्याला गावकरी सातखणी म्हणतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा तट निकितिनने पाहिलेला नाही. पोर्तुगिजांनी निजामशाहीच्या परवानगीने येथे वखार आणि किल्ला उभारायला सुरुवात केली ती १५२१ च्या सुमारास. निकितिनचे चौल त्याआधीचे. आजचे चौल आणि रेवदंडा ही कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या एकाच जुन्या बंदराची दोन अंगे आहेत, असे समजले तर गोंधळ होत नाही.

४)
बंदर किती जुने? 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याचा उल्लेख 'सेमिल्ला' असा येतो. टॉलेमीच्या भूगोलात 'सिमिल्ला', कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल', आणि अरब लेखकांकडे 'सैमूर'. एकाच गावाला किती नावे! ज्याने ज्या कानाने ऐकले, त्याने त्या लिपीत लिहिले.

बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, येथे आला. तेव्हा येथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती आणि वर राष्ट्रकूटांचे सार्वभौमत्व. मसूदी लिहितो की या नगरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. आणि काही येथेच जन्मलेले. त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजा नेमत असे. त्या पदाचे नाव मसूदीने 'हुनरमन' असे दिले आहे.

हिंदू राजाच्या बंदरात मुसलमानांचा नेमलेला प्रमुख, ही दहाव्या शतकातील गोष्ट. पंधराव्या शतकात चित्र उलटले होते. राज्य बहामनी सुलतानांचे, राजधानी बीदर, आणि प्रजा बहुतांश हिंदू. 'मुस्लिम देश' हा शब्द इतिहासात वापरताना सिंहासनावर कोण आहे आणि शेतात कोण आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

५)
निकितिन भारतात यायला निघालाच नव्हता. वोल्गा नदीतून कॅस्पियनच्या बाजूला व्यापारासाठी तो निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी लुटले. माल गेला आणि धर्मग्रंथही गेले. ज्यांचे गावी काही शिल्लक होते ते सोबती परतले. निकितिनच्या अंगावर देणे होते. रिकाम्या हाताने त्वेरला जाणे म्हणजे सावकाराच्या दारात जाणे. म्हणून तो पुढेच गेला. देर्बेंत, बाकू, मग इराण, आणि शेवटी होर्मुझ. तेथे त्याला कळले असावे की दख्खनच्या सुलतानाला घोडे हवे असतात.

हे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. दख्खनच्या हवामानात चांगल्या लष्करी घोड्यांची पैदास होत नसे. बहामनी असोत की विजयनगर, घोडदळासाठी अरबस्तान आणि इराणकडेच पाहत. होर्मुझ हे त्या व्यापाराचे मोठे नाके. निकितिनने शंभर रुबल खर्चून एक घोडा मिळवला आणि मस्कत, दीव, खंबायत असे बंदर करत चौल गाठले. सगळी पुंजी एका जनावरात! समुद्रावर तो घोडा आजारी पडला असता, तर कथा तिथेच संपली असती.

६)
चौलमध्ये त्याला काय दिसले? उघड्या डोक्याने, अंगावर मोजकी वस्त्रे घालून फिरणारी माणसे, एका वेणीत बांधलेले केस आणि पुष्कळ मुले. आणि तो जिथे जाई तिथे मागे लोकांची रांग, कारण गोरा माणूस पाहण्याचे त्यांना नवल. पाहायला आलेलाच पाहण्याची वस्तू झाला होता.

पुढे तो डोंगर चढून जुन्नरला गेला. पाली, उमरी अशी मुक्कामांची नावे तो देतो. सगळी वाट तीन आठवड्यांहून अधिक दिवसांची. जुन्नरला पावसाळा लागला आणि तो अडकला. सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक पेरणी करतात, हे त्याने टिपले आहे. परक्या व्यापाऱ्यांना उतरायला सराया असत, तेथे बायका रांधून घालत, अंथरूण घालत. घोड्यांना वाटाणे देत आणि तूप-साखर घालून खिचडी शिजवून चारत, असेही तो लिहितो. आमच्यातल्या खवय्या मित्राने हे ऐकून सांगितले की, त्या दिवशीच्या आमच्या जेवणापेक्षा घोड्याचे जेवण बरे होते. आम्ही दुपारी वडापाववर भागवले होते.

७)
आता आमच्या मुक्कामाकडे येतो, कारण कबुली तिथेच आहे.

आमच्या चौघांतील एक मित्र मुसलमान आहे. निघण्याआधी मी एका ठिकाणी खोलीसाठी दूरध्वनी केला होता. खोली आहे, असे कळले. चौघांची नावे विचारली गेली, मी सांगितली. अर्ध्या तासाने निरोप आला की सगळ्या खोल्या भरल्या. कारण तेच असेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शनिवार होता, खोल्या खरोखर भरल्याही असतील. पण शंका मनात राहिली, आणि मी ती कोणाला सांगितली नाही.

रेवदंड्यात नारळाच्या वाडीतील एक खोली मिळाली. ओसरीवर एक काकू नोंदवही घेऊन बसल्या होत्या. ओळखपत्र एकाचेच पुरे, बाकीच्यांची नावे सांगा, म्हणाल्या. मित्र पुढे झाला, तोंड उघडणार, एवढ्यात मीच त्याचे घरगुती, छोटे नाव सांगून टाकले. ते नाव दोन्हीकडे चालते. काकूंनी ते लिहिले. मित्राने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पिशवी उचलून तो खोलीकडे गेला.

८)
संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो. पलीकडे कोर्लईचा डोंगर, समुद्रात पुढे सरकलेला. त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलली जाते. रेवदंड्यात बेने इस्रायली ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. चौलला रामेश्वराचे देऊळ आहे, हमामखाना आहे, हिंगळाजच्या डोंगरात लेणी आहेत. दोन-चार मैलांत इतक्या माणसांनी इतक्या प्रकारे हात जोडले. मी हे सगळे उत्साहाने सांगत होतो. मित्र ऐकत होता, पण नेहमीसारखे प्रश्न विचारत नव्हता. मी बोलतच राहिलो. इतिहास सांगत राहिले की बाकीचे काही सांगावे लागत नाही.

९)
दुसऱ्या दिवशी सकाळी निकितिनचे स्मारक पाहायला गेलो. गावातील एका शाळेच्या आवारात उंच दगडी स्तंभ उभा आहे. २००२ मध्ये भारत आणि रशिया यांच्या मैत्रीची खूण म्हणून तो उभारला गेला. परवानगी घेऊन आत गेलो. त्याच्या पायाशी बसून मी जुन्नरची घटना सांगितली. तीच येथे सांगतो, कारण निकितिनच्या साऱ्या प्रवासाचा काटा तिथे आहे.

जुन्नरचा सुभेदार असद खान. त्याने निकितिनचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियाचा ख्रिस्ती आहे, हे कळल्यावर त्याने अट घातली: धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, नाही तर घोडाही गेला आणि वर तेवढाच दंड. मुदत चार दिवसांची. लुटला गेलेला, कर्जबाजारी, एकटा माणूस. ग्रंथ हरवलेले, त्यामुळे आपले सण नेमके कधी येतात हेही त्याला कळत नव्हते. नाकारणे म्हणजे सर्वस्व घालवणे. स्वीकारणे म्हणजे स्वतःलाच घालवणे.

मुदत संपण्याच्या सुमारास एक खुरासानी अधिकारी तेथे आला. त्याचे नाव मुहम्मद. निकितिनने त्याच्यापुढे आपली व्यथा मांडली. मुहम्मद खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराचा हट्ट सोडायला लावला आणि घोडा परत आणला.

घोडा नेणारा मुसलमान होता आणि परत आणणाराही मुसलमान होता. निकितिनची वही वाचणाऱ्याने ही दोन्ही वाक्ये एका दमात वाचावीत. एक वाचून दुसरे गाळणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही, आणि ती दोन्ही बाजूंना आहेत.

१०)
प्रवासात निकितिनने एक नाव धारण केले होते: ख्वाजा यूसुफ खुरासानी. दख्खनमध्ये तेव्हा खुरासानी म्हणजे वजनदार माणूस. बीदरच्या दरबारात सत्ता अशाच बाहेरून आलेल्यांच्या हाती एकवटत होती. त्यांचा मेरुमणी महमूद गावान. तोही इराणच्या गीलान प्रांतातून व्यापारी म्हणूनच आला, दाभोळला उतरला आणि पुढे सुलतानाचा वजीर झाला. बीदरची त्याची मदरसा आजही उभी आहे. पण देशी 'दख्खनी' सरदार आणि परदेशी 'आफाकी' सरदार यांच्या वैरात एक बनावट पत्र पुढे आणले गेले आणि १४८१ मध्ये सुलतानाने गावानचा शिरच्छेद करवला. धर्म एक असूनही परका तो परकाच राहिला.

मी हे सांगत असता मित्र पहिल्यांदा बोलला. "म्हणजे त्याने नाव बदललं ते घोड्यासाठी. माझं बदललं ते खोलीसाठी."

कोणी हसले नाही. मी म्हणालो, "अरे, सोय म्हणून केलं. मागच्या ठिकाणी नावं ऐकून नकार आला होता."

"ते मला सांगायचंस ना," तो म्हणाला. "नाव माझं होतं. बदलायचं की नाही, हे मी ठरवलं असतं. कदाचित मीही तेच सांगितलं असतं. पण मी सांगितलं असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

११)
थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "मग पुढे काय झालं तुझ्या ख्वाजा यूसुफचं?"

पुढे तो बीदरला गेला. सुलतानाची मिरवणूक पाहिली. हत्ती, सोने, वाद्ये. आणि त्याच वहीत नोंदवले की देशात माणसे फार आहेत, उमराव अतिशय श्रीमंत आहेत आणि खेड्यांतील माणसे अतिशय दरिद्री. ही नोंद सहज झाली नसावी. कोणाचे खाणे किती आणि कोणाचे किती, हे पायी चालणाऱ्याला, सराईत उतरणाऱ्याला नीट दिसते. आपल्या मालाला लागणारी जकात, वाटेवरचे लुटारू, रशियात चालेल असा माल न मिळणे, याच्या कडवट तक्रारीही त्याने लिहून ठेवल्या आहेत. घोडा त्याने वर्षभर पोसला आणि अखेर बीदरमध्ये विकला.

मग बीदरमध्येच त्याने एक वेगळी गोष्ट केली. ओळखीच्या झालेल्या हिंदूंना त्याने सांगून टाकले: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे खरे नाव अफनासी. त्यानंतर, तो लिहितो, त्या लोकांनी त्याच्यापासून आपले खाणे, व्यापार, पूजा, घरच्या स्त्रिया, काहीच लपवले नाही. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. तेथील मूर्तीचा उंचावलेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याचा पुतळा आठवला. अनोळखी देवळात उभा राहून तो आपल्या ओळखीचे काहीतरी शोधत होता.

१२)
तरी ही कथा गोड करून सांगू नये. एकच खरे नाव सांगितले आणि सर्व दारे उघडली, असे झाले नाही. सुभेदारापुढे खरी ओळख उघड झाली तेव्हा घोडा गेला होता. मित्रांपुढे उघड केली तेव्हा यात्रा घडली. कोणापुढे आणि केव्हा, यावर सारे अवलंबून. हिंदुस्थानात यायचे तर आपला धर्म घरी ठेवून या, असा कडू सल्लाही त्याने देशबांधवांना दिला आहे. त्याने स्वतः तो पूर्ण पाळला नाही. पण त्याच्या वहीतील प्रार्थना रशियन भाषेतून हळूहळू फारसी, तुर्की आणि अरबी शब्दांत शिरतात. शेवटची प्रार्थना तर अरबीतच आहे. तो कोण राहिला होता, यावर विद्वान अजून वाद घालतात.

परतताना तो दाभोळहून निघाला. होर्मुझ, इराण, त्राबझोन, काळा समुद्र, आणि क्रिमियातील काफा. कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र, हेच त्याच्या पुस्तकाच्या नावातील तीन समुद्र. त्वेर त्याला पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. सोबतच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या वह्या १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचवल्या आणि त्या तेथील बखरीत उतरवून घेतल्या गेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात इतिहासकार करमझिन याने त्या उजेडात आणल्या. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत सहकाऱ्यांसोबत 'परदेसी' हा चित्रपट काढला, तो याच माणसावर.

घोड्यात नफा झाला की तोटा, ते आता कोणालाही महत्त्वाचे वाटत नाही. वही तेवढी उरली.

१३)
दुपारी खोली सोडायची होती. काकू ओसरीवर सुपारी निवडत बसल्या होत्या. हिशेब केला, पैसे दिले. मित्र म्हणाला, "काकू, ती नोंदवही जरा देता का? माझं नाव अर्धंच लिहिलंय."

त्यांनी वही पुढे केली. त्याने कालचे नाव खोडले नाही. त्याच्या पुढे आपले उरलेले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव स्वच्छ देवनागरीत लिहिले. काकूंनी चष्मा वर करून ते वाचले. क्षणभर काही बोलल्या नाहीत. मला त्या क्षणाची लांबी अजून आठवते.

मग त्यांनी पावतीपुस्तक ओढले. "पावती कोणाच्या नावाने करू?"

"माझ्या," तो म्हणाला.

त्यांनी ते पूर्ण नाव वहीत पाहून पाहून पावतीवर उतरवले. एक काना चुकला होता, तो परत सुधारला. "पुन्हा याल तेव्हा आधी फोन करा, शनिवारी खोल्या लवकर भरतात," एवढेच म्हणाल्या.

१४)
त्या दोन ओळींत सद्भाव होता की निव्वळ व्यवहार, हे मी ठरवू शकत नाही, आणि ठरवण्याचा हक्कही माझा नाही. काकूंविषयीची सारी भीती माझ्या मनातली होती. त्यांना परीक्षेची संधी न देता मी आधीच उत्तर लिहून टाकले होते, आणि ते मित्राच्या नावावर लिहिले होते. पहिल्या ठिकाणचा नकार खरा होता की नव्हता, हे कधीच कळणार नाही. पण दुसऱ्या ठिकाणचे मौन तर माझेच होते.

दोन दिवसांचा खर्च माणशी अठराशे चाळीस रुपये झाला. उरलेले पैसे इराणच्या वहीत जमा केले. पावती मित्राने मागून घेतली. मी विचारले, कशाला? म्हणाला, "निकितिनकडे वही होती. माझ्याकडे एवढी तरी असू दे."

हा धागा प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याला वाचायला दिला. त्याने एकच अट घातली: नाव छापायचे नाही. या वेळी तसे त्याने ठरवले आहे.

मित्रहो, रेवदंड्याला गेलात तर तट आणि सातखणी पाहाच. पण शाळेच्या आवारातील त्या स्तंभापाशी परवानगी घेऊन दहा मिनिटे बसा. आणि सोबत कोणी मित्र असेल, तर त्याचे नाव त्यालाच सांगू द्या.